इंग्रजी बोलणारा कुठला आहे ते ओळखायचं कसं, मराठी कानांनी

ॲक्सेंट ओळखणाऱ्या लोकांचा कान जन्मजात तयार असतो असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही नसतंय. बहुतेक जण फसतात ते चाल ऐकतात म्हणून. "हा जरा गाऊन बोलतोय, वेल्श असणार", "हा तोंडातल्या तोंडात बोलतोय, ऑस्ट्रेलियन वाटतो", असे अंदाज काढले की फसायला होतंच, कारण चाल माणसागणिक बदलते, मूडवर बदलते, फोनवर वेगळी आणि मित्रांत वेगळी असते. त्यापेक्षा चार-पाच ठराविक आवाज धरायचे आणि ठरलेल्या क्रमाने तपासायचे, बस. मराठीत आपण हेच करतो की, पाणीला पानी म्हटलं की कान टवकारतो आणि डोळ्याचा डोया झाला की माणूस विदर्भाकडचा हे दुसरं काही न ऐकता कळतं. तिथे आपण ळ धरतो, चाल धरत नाही.

आणि एक सांगतो, मराठी माणसाला या कामात चांगलाच फायदा आहे. त, थ, ट हे तीन आपल्याला तीन वेगळे आवाज म्हणून ऐकू येतात, इंग्रजांना तसे येत नाहीत. शिवाय ॲ आणि ऑ आपल्या लिपीत आहेत. त्यामुळे जे ऐकलं ते देवनागरीत जसंच्या तसं वहीत लिहून काढा, स्पेलिंग विसरा, अर्धं काम तिथेच होतं. खाली जिथे ऽ दिसेल तिथे स्वर लांबवून वाचा.

तपासायला एक वाक्य पाठ करून ठेवा: द लास्ट बस लेफ्ट द कार पार्क. अर्थ काही खास नाही, शेवटची बस गेली, पण या एका वाक्यात निम्मं इंग्रजी जग वेगळं होतं. समोरचा माणूस हेच वाक्य बोलणार नाही हे उघड आहे, पण यातले आवाज त्याच्या कुठल्याही पाच मिनिटांच्या बोलण्यात सापडतात.

सुरुवात आर पासून

कार, पार्क, फोर्थ, बर्ड यांत आर ऐकू येतो का? स्वराच्या नंतरचा आर, रेड किंवा रन मधला नाही, तो सगळेच म्हणतात. आर ऐकू आला तर माणूस अमेरिकेचा, कॅनडाचा, स्कॉटलंडचा, आयर्लंडचा, नाहीतर इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यातला, म्हणजे ब्रिस्टल, सॉमरसेट, डेव्हन वगैरे. नाही आला तर उरलेलं जवळजवळ सगळं इंग्लंड, वेल्सचा बराचसा भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका.

असं का झालं ते माहीत असलं की यादी पाठ करावी लागत नाही. हा आर लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये मुख्यतः अठराव्या शतकात गळला. अमेरिकेत इंग्रज त्याच्या शंभरेक वर्षं आधी जाऊन बसले होते, ते आर घेऊन गेले. ऑस्ट्रेलियात वसाहत सुरू झाली १७८८ साली, तोपर्यंत लंडनचा आर जायला लागला होता, आणि न्यूझीलंड तर त्याच्याही नंतरचं. स्कॉटलंड आणि आयर्लंडने लंडनची ही फॅशन उचललीच नाही.

आपल्या कानाची इथे एक गंमत आहे, आपण स्वतः कार, पार्क म्हणताना आर म्हणतो, त्यामुळे समोरच्याने म्हटला तर लक्षातच येत नाही. म्हणून उलटं ऐका, "आर आहे का" असं शोधू नका, "आर गायब आहे का" असं शोधा. काऽ पाऽक ऐकलं की लगेच खटकतं.

सापळा दोन ठिकाणी आहे. आर न म्हणणारा माणूससुद्धा पुढे स्वर आला की आर म्हणतो, कार इज म्हणताना तो स्वच्छ लागतो, म्हणून वाक्याच्या शेवटी किंवा व्यंजनाच्या आधी ऐका. इतकंच काय, जिथे आर लिहिलेलाच नाही तिथेही तो घुसवतात, लॉ अँड ऑर्डर चं लॉर अँड ऑऽडऽ होतं. हे घुसवणं ऐकलं ना, तर तो माणूस आर गाळणाऱ्या गटातला हे जवळपास नक्की, अमेरिकन किंवा स्कॉटिश माणूस सहसा असं करत नाही.

दुसरा सापळा म्हणजे अमेरिकेतच आर गाळणारी गावं आहेत. बॉस्टनची जुनी पद्धत तीच, केनेडींची भाषणं ऐकून बघा. न्यूयॉर्कमध्येही आर गळायचा आणि तिथे विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये एक भन्नाट प्रयोग केला. तीन डिपार्टमेंट स्टोअर निवडली, एक श्रीमंतांचं, एक मधलं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवायचं आणि खाली येऊन सेल्सच्या माणसाला विचारायचं की अमुक वस्तू कुठे मिळेल, म्हणजे त्याला "फोर्थ फ्लोअर" म्हणावंच लागणार, दोन आर फुकटात. मग ऐकू आलं नाही असं दाखवून परत विचारायचं. श्रीमंत दुकानात आर सगळ्यात जास्त लागला, स्वस्त दुकानात सगळ्यात कमी, आणि दुसऱ्यांदा सावकाश सांगताना लोक आर जास्त लावत होते, म्हणजे कुठला उच्चार भारी समजला जातो ते त्यांना बरोबर माहीत होतं. आपण याच्यातून घ्यायचं ते हे, की माणूस सावध असताना बोलतो ते कमी धरा, बोलण्याच्या भरात बोलतो ते जास्त धरा.

आर नसेल तर: लास्ट आणि बस

आर गायब आहे हे कळलं की लास्ट, बाथ, ग्रास, लाफ यांच्याकडे या. लंडन आणि दक्षिण इंग्लंडात लाऽस्ट, बाऽथ, लांब आ. उत्तरेत, म्हणजे लीड्स, मँचेस्टर, लिव्हरपूल, न्यूकॅसल आणि मधल्या बर्मिंगहॅममध्येसुद्धा, हा स्वर आखूड. आपल्या ॲ इतका नाही, ॲ आणि आ च्या मधला कुठेतरी, एकदम तोडलेला. मग बस ऐका. दक्षिणेत बस म्हणजे आपल्यासारखं बस, उत्तरेत बुस. कप चं कुप, लव्ह चं लुव्ह. जेफ्री बॉयकॉटची कॉमेंट्री ज्यांनी ऐकलीय त्यांना त्याचं "रुबिश" आठवत असेल, खराब शॉटला रबिश म्हणायचं असायचं त्याला, यॉर्कशायरचा गडी. उत्तरेत गोल्फमधला पट आणि ठेवण्याचा पुट दोन्ही एकच. दक्षिणेत हे दोन स्वर सतराव्या शतकाच्या आसपास वेगळे झाले, उत्तरेत झालेच नाहीत. रेघ साधारण ब्रिस्टलच्या जवळून, जिथे सेव्हर्न नदी समुद्राला मिळते तिथून, पूर्वेकडे वॉशच्या खाडीपर्यंत तिरकी जाते.

या दोघांत जास्त भरवशाचा लास्ट. शिकलासवरलेला उत्तरेचा माणूस लंडनात नोकरीला आला की बुस सोडतो आणि कुठेतरी मधलं बस म्हणायला लागतो, पण लास्ट आखूडच ठेवतो, तिथे त्याचा स्वाभिमान अडकलेला असतो, लांब आ त्याला शिष्टपणा वाटतो. तेव्हा बस ठीकठाक पण लास्ट आखूड असं ऐकलं तर उत्तरेचा साहेब धरा.

उत्तर ठरलं की गाव काढायला मजा येते. लिव्हरपूल सगळ्यात सोपं, शब्दाच्या शेवटचा क घसरतो आणि उर्दूतल्या ख़ सारखा होतो, बॅक चं बाख़, चिकन चं चिख़न. हर आणि हेअर दोन्ही सारखे, हेऽ आणि हेऽ. फुटबॉल बघणाऱ्यांनी जेमी कॅरॅगर ऐकला असेलच, पहिल्यांदा ऐकताना हे इंग्रजी आहे यावर विश्वास बसत नाही. लिव्हरपूल बंदर असल्याने १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडहून प्रचंड लोक तिथे उतरले आणि शेजारच्या लँकाशायरपेक्षा ते गाव इतकं वेगळं बोलतं त्यामागे ते एक मोठं कारण मानतात. न्यूकॅसलमध्ये शब्दाच्या शेवटचा अर चा चक्क आ होतो, वॉटर चं वॉटा, आणि टाउन चं टून, तिथल्या फुटबॉल क्लबलाही लोक टून म्हणतात. शिवाय इंग्लंडात बहुतेक ठिकाणी साध्या बोलण्यात हाउस चा ह गळतो, न्यूकॅसलवाले तो शाबूत ठेवतात. लँकाशायरमध्ये ॲक्रिंग्टन, ब्लॅकबर्नच्या बाजूला जुन्या लोकांत आर अजून शिल्लक आहे, त्यामुळे बुस अधिक आर असं विचित्र मिश्रण कानावर पडलं तर गोंधळू नका.

बर्मिंगहॅमसाठी सिंगर आणि फिंगर ही जोडी वापरा. शाळेत कुणी सांगत नाही पण प्रमाण इंग्रजीत सिंगर मध्ये ग नसतो, नुसता नाकातला आवाज, आणि फिंगर मध्ये मात्र ग असतो. आपण दोन्हीकडे ठणठणीत ग म्हणतो. बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूलवालेही तसंच म्हणतात, तेव्हा आपल्याला त्यांचं सिंगर अगदी घरचं वाटतं आणि म्हणूनच सुटून जातं. बर्मिंगहॅम वेगळं काढायचं असेल तर टाइम ऐका, तिथे तो टॉइम कडे झुकतो.

लंडनचं दोन प्रकारचं आहे. जुनं कामगार वस्तीतलं, ज्याला कॉकनी म्हणतात, त्यात बॉटल, वॉटर मधला टी घशात अडकतो. घशात म्हणजे कसं, लहान पोराला नको म्हणताना आपण अ-अ करतो ना, त्या दोन अ च्या मध्ये जी अडवणूक होते ती. थ्री चं फ्री, ब्रदर चं ब्रव्हऽ, मिल्क चं मिऊक, फेस चं फाइस. यातला घशातला टी मात्र आता इतका पसरलाय की त्याच्यावरून एकट्याने काही ठरवू नका, ग्लासगोपासून ब्रिस्टलपर्यंत सगळीकडे आहे. थ चा फ सुद्धा तरुण पोरांमध्ये सगळीकडे शिरलाय. हल्लीची लंडनची पोरं, ज्यांच्या शाळेत कॅरिबियन, बांगलादेशी, आफ्रिकन सगळे एका बाकावर, त्यांचं तिसरंच झालंय, फेस चं फाइस नाही, बरंचसं सरळ फेस. याचा त्रास पुढच्या तपासणीत होतो, सांगतो.

गो आणि डे

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. आपण गो म्हणताना ओ शेवटपर्यंत ओच राहतो, तोंड हलत नाही. डे मधला ए पण तसाच. लंडनवाला किंवा बीबीसीवाला गो म्हणताना स्वर अ पासून सुरू होऊन उ वर जातो, गऊ म्हणा साधारण, आणि डे चं डेइ. आता ज्यांचे स्वर आपल्यासारखे सरळ राहतात ते कोण? स्कॉटलंड, आयर्लंडचा बराच भाग, वेल्सचा काही भाग, यॉर्कशायर, न्यूकॅसलच्या बाजूचे जुने लोक, कॅरिबियन, आणि आपण. आर नाही, बस चं बुस, आणि गो सरळ, की यॉर्कशायर किंवा आसपास. आर आहे आणि गो सरळ, की स्कॉटलंड नाहीतर आयर्लंड. आर नाही, लास्ट लांब आणि तरीही डे सरळ असं आलं आणि माणूस तरुण असला तर वर म्हटलेलं हल्लीचं लंडन असण्याची शक्यता जास्त, तिथे वेल्स म्हणून मोकळे होऊ नका. वेल्ससाठी मनी, हॅपी असे शब्द ऐका, मधलं व्यंजन ते द्वित्त केल्यासारखं लांबवतात, मन्नी, हॅप्पी, आपल्याला तर लगेच ऐकू येतं.

आणि डे चं चक्क डाइ झालं तर लंडनची कामगार वस्ती, नाहीतर ऑस्ट्रेलिया.

खालच्या गोलार्धातले तिघे

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. तिघेही आर गाळतात, तिघेही लास्ट लांब म्हणतात, आणि क्रिकेटमुळे यांचे नमुने आपल्याकडे ढिगाने आहेत, तरी लोक गोंधळतात. पुन्हा तेच वाक्य घ्या. ऑस्ट्रेलियन माणसाचं काऽ पाऽक तोंडाच्या पुढच्या भागातून येतं, आ पसरट असतो. दक्षिण आफ्रिकनचं मागून, ओठ थोडे गोल करून, कॉऽ पॉऽक. ग्रॅम स्मिथ, शॉन पोलॉक कॉमेंट्रीला आले की हार्ड, पास्ट असे शब्द पकडा, हॉऽड ऐकू येतं की नाही बघा. शिवाय तिथल्या बऱ्याच जणांचे प, ट, क आपल्यासारखे कोरडे असतात, हवा सुटत नाही. लंडनवाला पिन म्हणताना प आणि फ च्या मधलं काहीतरी म्हणतो, ते आपण शाळेपासून दुर्लक्षित करायला शिकलोय, पण जरा मुद्दाम ऐकलं तर आपल्याइतकं चांगलं कुणाला ऐकू येणार.

न्यूझीलंडसाठी लेफ्ट ऐका. लिफ्ट ऐकू आलं की झालं काम. पेन चं पिन, टेन चं टिन, येस चं यिस. आणि मग ज्या शब्दांत मुळात इ होता ती बिचारी जागा सोडून अ कडे जाते, फिश चं फश, सिक्स चं सक्स. ऑस्ट्रेलियात बरोबर उलटं, तिथे फिश चं फीश कडे जातं. दोघे एकमेकांना यावरूनच चिडवतात. इयन स्मिथ, सायमन डूल, डॅनी मॉरिसन यांच्यापैकी कुणी कॉमेंट्रीला असेल तेव्हा नुसते सिक्स मोजा, आणि नंतर पॉन्टिंगचं सिक्स ऐका, दहा मिनिटांत फरक पक्का होतो. न्यूझीलंडच्या अनेक तरुणांचं बेअर आणि बीअर पण एकच झालंय. आणि देशाच्या अगदी दक्षिण टोकाला साउथलँड म्हणून भाग आहे तिथे स्कॉटिश वस्तीमुळे आर टिकून आहे, पण तिथला माणूस भेटायची वेळ तुमच्यावर क्वचितच येईल.

ऑस्ट्रेलियाच्या आत शहरं ओळखायच्या नादाला लागू नका, तिथे अंतर प्रचंड आणि फरक त्यामानाने किरकोळ. ॲडलेडच्या बाजूला डान्स, प्लांट मध्ये लांब आ जास्त ऐकू येतो, बाकी ठिकाणी डॅन्स, प्लॅन्ट पण भरपूर चालतं, एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

आर असेल तर

आता दुसरी फांदी. आर आहे. पहिल्यांदा वॉटर, सिटी, बेटर ऐका. मधला टी मऊ होऊन वॉडर, सिडी असं काही ऐकू आलं आणि बाथ, लास्ट मध्ये चक्क आपला ॲ लागला, बॅथ, लॅस्ट, तर उत्तर अमेरिका. खरं म्हणजे अमेरिकन सिटी मधला तो आवाज आपल्या मराठी र च्या इतका जवळ आहे की सिरी लिहिलंत तरी चालेल. हॉट, बॉब मध्ये ऑ न येता हाट, बाब. न्यूज चं नूज.

तिथून पुढे दक्षिणेची राज्यं सोपी, टाइम चं टाऽम, आणि पेन व पिन एकसारखे, इतके की कुठला हवा ते कळावं म्हणून लिहायच्या पेनला तिथे इंक पेन म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये कॉफी चा ऑ वर चढतो, कोऽफी कडे. फिलाडेल्फियात वॉटर चं वुडर. आणि कॅनडाचा माणूस अमेरिकनांतून वेगळा काढायचा तर अबाउट आणि लाउड दोन्ही पकडा. लाउड मध्ये आ पासून सुरुवात होते, पण अबाउट, हाउस, माउथ मध्ये, म्हणजे पुढे ट, स, थ आला की, सुरुवात अ पासून होते, अबउट, हउस. लोक म्हणतात कॅनेडियन अबूट म्हणतात, तसं कुणी म्हणत नाही. दुसरी खूण सॉरी, अमेरिकन सारी म्हणतो, कॅनेडियन सोरी, आणि कॅनेडियन माणूस हा शब्द भरपूर वापरतो त्यामुळे फार वेळ थांबावं लागत नाही.

टी मऊ झाला नाही, गो सरळ, आर आहे, तर स्कॉटलंड की आयर्लंड? थ्री म्हणायला लावा. इथे मराठी कान इंग्रजांच्या पुढे जातो. आयर्लंडमध्ये बरेच लोक थ्री चं त्री म्हणतात, आपला दाताला जीभ लावून म्हटलेला त, आणि थिंक चं तिंक. इंग्रज माणूस म्हणतो की आयरिश लोक थ्री आणि ट्री एकच म्हणतात, आणि यावर विनोद करतो. अनेकांच्या तोंडी ते एक नसतातच, एक त्री आहे आणि एक ट्री आहे, इंग्रजाला त आणि ट मधला फरक ऐकू येत नाही म्हणून त्याला एक वाटतात. आयर्लंडची दुसरी खूण शब्दाच्या शेवटचा टी, राइट चा टी पुरता बंद होत नाही, हवा सुटत राहते आणि राइश सारखं काहीतरी ऐकू येतं. एल सगळीकडे आपल्या ल सारखा स्वच्छ, फुल, मिल्क मध्येसुद्धा. डब्लिनच्या जुन्या वस्त्यांत बस चं बुस पण होतं, पण तिथे गो सरळ नाही आणि आरही हलका, तेव्हा उत्तर इंग्लंड समजायचा मोह होईल, त्री ऐकून खात्री करा.

डब्लिनच्या शिकलेल्या माणसाचं बोलणं ऐकायचं असेल तर लिओ वराडकर ऐका, वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि स्वतः डब्लिनमध्ये जन्मलेला, दोनदा आयर्लंडचा पंतप्रधान झालेला. आडनाव कोकणातलं असलं तरी आर पक्का आयरिश.

स्कॉटलंडमध्ये आर बऱ्याचदा आपल्या र सारखा जिभेने टक्कन वाजतो, विशेषतः दोन स्वरांच्या मध्ये. पूल आणि पुल एकच. गर्ल, वर्ल्ड ला दोन तुकडे होतात, गरल, वरल्ड. फिल्म चं फिलम, हे आयर्लंडमध्येही आणि आपल्याकडेही, आपल्या आजोबांनी फिलम म्हटलं तर ते ग्लासगोत खपून गेलं असतं. व्हिच आणि विच मध्ये जुने स्कॉटिश लोक फरक करतात, पहिल्यात ह ची हवा आधी. फुटबॉल मॅनेजर अलेक्स फर्ग्युसनच्या जुन्या पत्रकार परिषदा हा उत्तम अभ्यासक्रम आहे, ग्लासगोच्या गोव्हन भागातला माणूस, चिडला की अजून चांगला.

उत्तर आयर्लंड मात्र वेगळं धरा. तिथे हाउ, नाउ चा शेवट उ वर गोल होत नाही, पुढे सरकतो, नाय कडे, आणि साधी विधानंही शेवटी वर चढतात, जणू प्रश्न विचारतोय. गोल्फवाला रोरी मॅक्‌इलरॉय तिकडचाच.

कॅरिबियनबद्दल थोडक्यात, कारण तिथे बेटागणिक बदलतं आणि एका परिच्छेदात तो विषय मावणार नाही. थ चा ट आणि द चा ड, सरळ गो, आणि प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन, हे बहुतेक बेटांवर. आर पक्का ठासून असेल तर बार्बाडोस. मायकेल होल्डिंग जमैकाचा, इयन बिशप त्रिनिदादचा, दोघांना पाठोपाठ ऐकलंत तर फरक कळतो.

आपलं स्वतःचं

आपल्याकडचे लोक म्हणतात की इंडियन ॲक्सेंट म्हणून एकच काहीतरी आहे. या तपासण्या आपल्यावर लावून बघा: आर आहे, तरी लास्ट लांब, बस दक्षिण इंग्लंडसारखं, गो सरळ, वॉटर मधला टी मूर्धन्य, थ्री मध्ये थ. हे मिश्रण दुसरीकडे कुठे सापडत नाही, म्हणून तर दोन वाक्यांत आपण ओळखले जातो. त्याच्या आत मराठी माणूस कसा ओळखायचा? व्ही साठी व्ह. व्हेरी, व्हॅन, व्हिडिओ, त्यातला तो ह चा झोत. शिवाय ॲ आणि ऑ पक्के, बॅट आणि बेट, हॉल आणि होल आपल्याकडे सहसा मिसळत नाहीत, गुजराती मित्राचं स्नॅक्स आणि स्नेक्स एक होतं. बंगाली माणूस व्ही चा भ करतो, झेड चा ज. पंजाबकडे सकूल, उत्तर प्रदेश-बिहारकडे इस्कूल, आपल्याकडे सरळ स्कूल कारण मराठीला सुरुवातीचं जोडाक्षर जड जात नाही. अर्थात इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांत हे सगळं पुसट होत चाललंय.

सराव कुठे करायचा

पिक्चर आणि सिरीयलवरून शिकू नका. नट लोक ॲक्सेंट लावतात, कधी चांगला, कधी भयंकर. मुलाखती, सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदा, गावच्या रेडिओवरचे फोन, हे खरं. त्यातही माणूस आपल्या गावच्या माणसाशी बोलत असेल तर सोनं.

पद्धतशीर करायचं तर अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचा स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह इंटरनेटवर फुकट आहे, जगभरच्या लोकांनी एकच परिच्छेद वाचलाय, स्टेलाला फोन कर आणि दुकानातून अमुक अमुक आणायला सांग अशा अर्थाचा. मजकूर निरर्थक वाटतो पण तो बरोबर विचार करून बनवलाय, त्यात आस्क आहे म्हणजे लास्ट वाली तपासणी झाली, स्टोअर मध्ये आर, सिक्स मध्ये न्यूझीलंड, स्नो मध्ये गो, बॉब मध्ये अमेरिका, थिक आणि थिंग्ज मध्ये आयर्लंड, आणि ब्रदर मध्ये तर एकाच शब्दात बस वाला स्वर, थ चं काय होतं ते, आणि शेवटचा आर, तिन्ही. आधी गाव झाकून ऐका, वहीत ब्रदर जसा ऐकला तसा देवनागरीत लिहा, ब्रव्हऽ, ब्रुदऽ, ब्रदर, मग गाव उघडून बघा. एका बैठकीत एकच आवाज धरायचा, सगळे एकदम धरायला गेलं की काहीच हाती लागत नाही.

इंग्लंडच्या गावोगावच्या जुन्या बोलींसाठी लीड्स विद्यापीठाच्या हॅरॉल्ड ऑर्टन यांनी १९५० पासून दहा-अकरा वर्षं ३१३ ठिकाणी फिरून पाहणी करून घेतली होती, बरेचसे म्हातारे शेतकरी. त्याची काही रेकॉर्डिंग ऐकायला मिळतात, ती ऐकली की आजचं यॉर्कशायर किती सौम्य झालंय ते कळतं.

आणि समोरच्याला विचारायची वेळ आली तर एक व्यवहाराची गोष्ट. ऑस्ट्रेलिया की न्यूझीलंड अशी शंका असेल तर न्यूझीलंड म्हणा, अमेरिका की कॅनडा असेल तर कॅनडा म्हणा. जास्त लोकसंख्येच्या देशाचा माणूस हसून दुरुस्त करतो, कमी लोकसंख्येच्या देशाचा मात्र नाराज होतो, त्याला दिवसभर लोक चुकीचंच विचारत असतात. स्कॉटिश, वेल्श किंवा आयरिश माणसाला इंग्लिश म्हणू नका, खात्री नसेल तर सरळ "तुमचं गाव कुठलं" विचारा, आणि गाव कळल्यावर त्याच्याकडून बाथ, बस आणि थ्री एवढं म्हणवून घ्या, बहुतेक लोक खुशीने म्हणून दाखवतात.